पकड किती घट्ट हवी? कर्कपेशीवर बसणाऱ्या प्रतिपिंडांविषयीच्या वादाचा आढावा

कर्करोगावर प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, वापरायला लागून पाव शतकाहून अधिक काळ लोटला. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या डे-केअर कक्षात आता केमोच्या जोडीने ट्रॅस्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब ही नावेही सर्रास ऐकू येतात. नातेवाइकांना या औषधांची ओळख बहुधा एकाच वाक्यात करून दिली जाते: हे नेमके कर्कपेशीवर जाऊन चिकटते आणि तिला मारते. या वाक्यात दोन दावे आहेत, एक चिकटण्याचा आणि दुसरा मारण्याचा. चिकटण्याबद्दल आज बरीच माहिती हाती आहे. पण जे घट्ट चिकटते ते अधिक चांगले मारते का, यावर मात्र तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. औषध कोणते बनवायचे, डोस किती द्यायचा, कोणत्या रुग्णाला द्यायचा आणि स्वस्त पर्यायाची परीक्षा कशी घ्यायची, हे सगळे या उत्तरावर अवलंबून असल्याने हा वाद नुसता प्रयोगशाळेतला राहिलेला नाही.

पार्श्वभूमी

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची पद्धत शोधली. त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळाले. सुरुवातीची प्रतिपिंडे उंदराची होती. माणसाचे शरीर त्यांना परके मानून काढून टाकायचे, त्यामुळे पहिल्या प्रयत्नांतून फारसे काही हाती लागले नाही. पुढे उंदराच्या प्रतिपिंडाचा फक्त पकडणारा भाग ठेवून बाकीचा मानवी करण्याचे तंत्र आले आणि चित्र पालटले. १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅबला परवानगी मिळाली आणि १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅबला. काही गाठींमध्ये हर-टू या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि असा आजार जास्त आक्रमक असतो, हे डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले होते. ट्रॅस्टुझुमॅबचा पाया तोच.

भारतात ही औषधे आली तेव्हा त्यांची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. २००६ मध्ये बायोकॉनने क्यूबात विकसित झालेले निमोटुझुमॅब आणले आणि २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. या कथेत पुण्याचे नाव येते २०१२ मध्ये. त्या वर्षी रोश कंपनीने पुण्याच्या एमक्योरशी हातमिळवणी करून ट्रॅस्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब वेगळ्या नावांनी, कमी किमतीत भारतात विकण्याचे ठरवले. २०१३ मध्ये रोशने ट्रॅस्टुझुमॅबच्या भारतीय पेटंटचा पाठपुरावा सोडला आणि २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉनची आवृत्ती बाजारात आली. मूळ औषधाशी जुळणारे पण वेगळ्या पेशींत वाढवलेले हे 'जैवसदृश' औषध तितकेच चांगले आहे, हे सिद्ध कसे करायचे, असा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचा गाभा पुन्हा पकडीपाशीच येतो.

पेशीच्या पृष्ठभागावर काय घडते

प्रतिपिंड हे इंग्रजी वाय अक्षरासारखे, सुमारे दीड लाख डाल्टन वजनाचे प्रथिन आहे. दोन हात आणि एक शेपूट अशी त्याची रचना. प्रत्येक हाताच्या टोकाला सहा छोटे वेढे असतात, तीन जड साखळीचे आणि तीन हलक्या साखळीचे. पकडण्याचे काम मुख्यतः हे वेढेच करतात. पेशीवरच्या प्रथिनाच्या उंचसखल भागावर ते बसतात, आणि हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण व पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या भागांची जवळीक यांनी ते तिथे टिकतात. यातला कोणताही बंध कायमचा नसतो. प्रतिपिंड बसते, सुटते, पुन्हा बसते. किती पटकन बसते आणि किती सावकाश सुटते, यांच्या गुणोत्तरावर पकड ठरते. निम्मी लक्ष्ये व्यापली जाण्यासाठी औषधाची जी तीव्रता लागते, तो आकडा जितका छोटा तितकी पकड घट्ट.

प्रत्यक्षात पकड एका हाताची नसते. दोन्ही हात शेजारशेजारच्या दोन प्रथिनांना धरू शकले, तर एक सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. त्यामुळे पेशीवर लक्ष्ये किती दाटीने आहेत याला महत्त्व येते. निरोगी पेशीवर हर-टूचे रेणू हजारांच्या घरात असतात, तर जनुकाच्या प्रती वाढलेल्या कर्कपेशीवर ते वीस लाखांपर्यंत जातात. फरक प्रमाणाचा आहे, असण्या-नसण्याचा नाही. हृदयाच्या स्नायूतही हर-टू थोडे असते, म्हणून ट्रॅस्टुझुमॅब चालू असलेल्या रुग्णाला ठरावीक काळाने टू-डी एको करावा लागतो.

पकड कुठे पडते, यानेही फरक पडतो. हर-टूच्या पेशीबाहेरच्या भागाचे चार खंड आहेत. ट्रॅस्टुझुमॅब पेशीपटलाजवळच्या चौथ्या खंडावर बसते, तर पर्टुझुमॅब दुसऱ्या खंडावर बसून हर-टूची इतर प्रथिनांशी जोडी जमू देत नाही. लक्ष्य एकच, पण जागा वेगळ्या. त्यामुळे दोन्ही औषधे एकत्र देता येतात आणि दिलीही जातात.

हे मोजण्याचा एक साधा प्रयोग पाहण्यासारखा आहे. फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या कर्कपेशी सोडवताना नेहमीचे ट्रिप्सिन टाळतात, कारण ते पृष्ठभागावरची प्रथिनेच कुरतडते. सोडवलेल्या पेशी थेट बर्फात ठेवतात. सदतीस अंशांना ठेवल्या, तर प्रतिपिंड बसलेले प्रथिन पेशी आत ओढून घेते आणि मोजायचे तेच नाहीसे होते. मग एकेका नळीत वाढत्या प्रमाणात प्रतिपिंड घालतात, जादाचे धुऊन काढतात, चमकणारे दुसरे प्रतिपिंड लावतात आणि पेशी फ्लो सायटोमीटरमधून सोडतात. कागदावर इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा उमटते. तिचा मध्य म्हणजे पकडीचा अंदाज, आणि वरचे पठार म्हणजे पेशीवर एकूण किती जागा आहेत त्याचा. रुग्णाच्या शरीरात मात्र बर्फ नसतो, आणि मतभेद तिथेच सुरू होतात.

पहिली भूमिका: घट्ट पकड

या बाजूचे म्हणणे सरळ आहे. लक्ष्य दीर्घकाळ व्यापले गेले तर पेशीला मिळणारा वाढीचा संदेश थांबतो. घट्ट पकडीच्या औषधाचा कमी डोसही पुरतो, आणि शरीरातले नैसर्गिक रेणू त्याच जागेसाठी स्पर्धा करत असतील तर औषध जिंकते. सेटुक्सिमॅबचे उदाहरण त्यासाठी देतात. ईजीएफआर या प्रथिनावर ते घट्ट बसते आणि वाढीच्या घटकाला तिथे येऊ देत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉनर यांच्या चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगात रेडिएशनला सेटुक्सिमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले. प्रयोगशाळेत पकड टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तंत्रेही आता हाताशी आहेत. त्यांपैकी फाज डिस्प्ले या तंत्राला २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

घट्ट पकडीचा आर्थिक अर्थ मुंबईत पाहायला मिळाला. निवोल्युमॅब हे कर्कपेशीवर नव्हे, तर टी-पेशींवरच्या पीडी-१ या प्रथिनावर बसते. पण मुद्दा तोच आहे. सुरुवातीच्या अभ्यासांत असे दिसले होते की अगदी छोट्या डोसलाच पीडी-१ च्या बहुतेक जागा भरतात आणि त्यापुढे डोस वाढवला तरी व्याप्ती फारशी वाढत नाही. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोल्युमॅब देऊन पाहिले. नेहमीच्या डोसचा तो दहावा भागही नाही. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. चाचणीत पूर्ण डोसशी थेट तुलना नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण पूर्ण डोस परवडतच नाही अशा रुग्णांसाठी तुलना शून्याशीच असते, हे उत्तरही तितकेच रास्त आहे.

दुसरी भूमिका: बेताची पकड

या भूमिकेची सुरुवात गाठीच्या आतल्या प्रवासापासून होते. प्रतिपिंड रक्तवाहिनीतून बाहेर पडते आणि पहिली कर्कपेशी भेटताच तिला धरते. पकड फारच घट्ट असेल तर ते पुढे सरकतच नाही. पीएमपीच्या बसमध्ये पहिले चढलेले प्रवासी दारातच दांडा धरून उभे राहतात आणि आत जागा असूनही मागच्यांना शिरता येत नाही, तसे रक्तवाहिनीजवळच्या पेशी औषधाने भरून जातात आणि खोलवरच्या कोरड्या राहतात. हा अडथळा १९९० च्या आसपास गणिती मांडणीतून सुचवला गेला. ग्रेगरी अॅडम्स यांच्या गटाने २००१ मध्ये हर-टूवर बसणारे, पण वेगवेगळ्या पकडीचे प्रतिपिंडांचे तुकडे उंदरांत वापरले. त्यात सर्वांत घट्ट पकडीचे तुकडे रक्तवाहिन्यांभोवतीच घुटमळताना दिसले.

निरोगी पेशींची बचत हा दुसरा मुद्दा. निमोटुझुमॅब ईजीएफआरवरच बसते, पण त्याच्या एका हाताची पकड सेटुक्सिमॅबपेक्षा बरीच सैल आहे. दोन्ही हात बसले तरच ते टिकते, आणि त्यासाठी ईजीएफआरची दाटी लागते. ती कर्कपेशीवर असते, त्वचेच्या पेशीवर तितकी नसते. सेटुक्सिमॅब घेणाऱ्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखे पुरळ येते, निमोटुझुमॅबमध्ये ते क्वचित दिसते. त्याचे कारण समर्थक हेच देतात.

तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे ओझे वाहणाऱ्या महाराष्ट्रासाठी हा मुद्दा जवळचा आहे. टाटा मेमोरियलमधल्या ५३६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सिस्प्लॅटिन आणि रेडिएशनला निमोटुझुमॅबची जोड दिल्यावर दोन वर्षांनंतर आजार न बळावलेल्यांचे प्रमाण ५०.१ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही. विरोधक म्हणतात, पुरळ न येणे हे लक्ष्य पुरेसे न दाबल्याचेही लक्षण असू शकते. सेटुक्सिमॅबमध्ये पुरळ जास्त आलेल्यांना गुण जास्त आल्याचे अनेकदा दिसले आहे. दुसरीकडे, सिस्प्लॅटिन-रेडिएशनला सेटुक्सिमॅबची जोड दिलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. दोन औषधांची समोरासमोर मोठी तुलना नसल्याने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आज उभे आहेत.

कार-टी उपचारातही हाच मुद्दा निघाला. या उपचारात रुग्णाच्या टी-पेशीवर प्रतिपिंडाचा पकडणारा तुकडा बसवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्यातला सीडी-१९ हे प्रथिन पकडणारा तुकडा मानवी धाटणीचा केलेला आहे. परदेशात २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या दुसऱ्या एका कार-टीमध्ये तर तुकडा मुद्दाम लवकर सुटणारा निवडला आहे. त्यामुळे एक टी-पेशी एकामागून एक अनेक कर्कपेशींवर जाऊ शकते, आणि शरीरात उसळणारी तीव्र दाहक प्रतिक्रिया कमी राहते, असा त्यामागचा विचार.

तिसरी भूमिका: पकड हे निमित्त, काम शेपटाचे किंवा ओझ्याचे

तिसरा गट म्हणतो की पकड एका पातळीच्या वर गेली की पुढचे यश हातांवर नाही, शेपटावर ठरते. प्रतिपिंड बसल्यावर त्याच्या शेपटाला नैसर्गिक मारक पेशी धरतात आणि कर्कपेशीला मारतात. २००० मध्ये राफाएल क्लाइन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शेपूट ओळखणारी यंत्रणा नसलेल्या उंदरांत ट्रॅस्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब यांचा प्रभाव बराच ओसरतो. ओबिनुटुझुमॅब हे सीडी-२० या प्रथिनावर बसणारे औषध रिटुक्सिमॅबच्या मानाने एका पेशीवर साधारण निम्म्या संख्येनेच बसते. पण त्याच्या शेपटावरची साखर बदललेली असल्याने मारक पेशी त्याला अधिक जोराने धरतात. फॉलिक्युलर लिम्फोमात ते रिटुक्सिमॅबपेक्षा सरस ठरले, मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात मात्र दोघांत फरक दिसला नाही.

या भूमिकेचा सर्वांत बोलका पुरावा अनपेक्षितपणे आला. युरोपातल्या मूळ ट्रॅस्टुझुमॅबच्या काही बॅचमध्ये शेपटावरच्या साखरेत बदल होऊन मारक क्षमता कमी झाल्याचे एका कोरियन जैवसदृश कंपनीच्या तपासण्यांत आढळले. हर-टूवरची पकड जशीच्या तशी होती. पुढे त्या कंपनीच्या चाचणीतील रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा अशा बॅच मिळालेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मार्गेटुक्सिमॅबमध्ये ट्रॅस्टुझुमॅबचीच पकडण्याची जागा ठेवून शेपूट अधिक ताकदवान केले. त्याचा फायदा माफक निघाला आणि एकूण आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही.

ओझे वाहणारी प्रतिपिंडे याच गटात मोडतात. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनमध्ये एका प्रतिपिंडावर केमोचे सुमारे आठ रेणू बांधलेले असतात. पेशी ते आत घेते, औषध सुटते आणि शेजारच्या पेशींतही झिरपते. २०२२ च्या चाचणीत, हर-टू इतके कमी की पूर्वी 'निगेटिव्ह' म्हणून बाजूला काढले जायचे अशा रुग्णांतही मध्यक आयुर्मान १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने या औषधावरचे सीमाशुल्क काढून टाकले.

पुण्यातले चित्र

या प्रश्नाचे जवळपास सगळे टप्पे पुण्याच्या परिघात सापडतात. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ऊती आणि पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले. देशभरातल्या प्रयोगशाळांना ते एमसीएफ-७, एमडीए-एमबी-२३१ यांसारख्या कर्कपेशी पुरवते. वर सांगितलेला बर्फातला प्रयोग अशाच पेशींवर होतो. पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था आणि डॉ. सी. बी. कोप्पिकर यांनी उभारलेले प्रशांती कॅन्सर केअर मिशन स्तनाच्या कर्करोगावर एकत्र संशोधन करतात. तिथे रुग्णाच्या गाठीचा नमुना आणि प्रयोगशाळा यांची गाठ पडते. हिंजवडीत एमक्योरची जेनोव्हा आणि चाकणला अल्केमची एन्झिन जैविक औषधे बनवतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातील व्हेंचर सेंटरमध्ये अशा औषधांच्या विश्लेषणाची सोय आहे. पेशींपासून कारखान्यापर्यंतची साखळी इथे जुळलेली आहे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न मोजमापाचा. हर-टूची पातळी बायोप्सीच्या काचेवर रंग लावून, आयएचसी या तपासणीत, ० ते ३+ अशी ठरते. दहा टक्क्यांहून अधिक पेशींभोवती गडद तपकिरी, पूर्ण कडे दिसले की ३+. २+ आल्यास जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करतात. ही पद्धत 'खूप' आणि 'नाही' यांत फरक करण्यासाठी घडवली होती. आता '०' आणि '१+' यांच्या सीमेवर उपचार ठरू लागले आहेत, आणि तिथे दोन पॅथॉलॉजिस्टचे मत सहज वेगळे पडते. शिवाय काचेवर रंगासाठी वापरली जाणारी प्रचलित प्रतिपिंडे हर-टूचा पेशीच्या आतला भाग ओळखतात, औषध मात्र बाहेरच्या भागावर बसते. बाहेरचा भाग तुटून गेला असेल तर तपासणी 'आहे' म्हणते आणि औषधाला बसायला जागा नसते.

दुसरा प्रश्न बदलत्या लक्ष्याचा. उपचारानंतर काही गाठींमधले हर-टू किंवा सीडी-२० कमी होते वा नाहीसे होते. पुन्हा बायोप्सी केव्हा करावी, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

तिसरा प्रश्न जैवसदृश औषधांचा. भारताची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. पकड, शेपूट आणि मारक क्षमता या तिन्हींची तुलना मूळ औषधाशी करावी, हे सर्वांना मान्य आहे. ती नीट जुळल्यावरही मोठी रुग्णचाचणी हवी का, यावर दोन मते आहेत. एक गट म्हणतो, प्रयोगशाळेतली तपासणी आता चाचणीपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. दुसरा म्हणतो, बदललेल्या बॅचचा परिणाम शेवटी रुग्णांतच मोजावा लागला.

चौथा प्रश्न डोसचा. टाटाच्या अल्प डोसच्या निष्कर्षांची पूर्ण डोसशी थेट तुलना झाल्याशिवाय तो वाद मिटणार नाही.

आजचा ताळेबंद

उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते की घट्ट पकड ही आवश्यक अट आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. नुसता संदेश रोखायचा असेल तर पहिल्या भूमिकेला वजन आहे, निरोगी पेशी वाचवायच्या असतील तर दुसरीला, आणि पेशी प्रत्यक्ष मारायची असेल तर तिसरीला. तिन्ही भूमिका एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत. 'सर्वांत घट्ट तेच सर्वांत चांगले' हे विधान मात्र आज कुणालाच पूर्णपणे सिद्ध करता आलेले नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. ऑपरेशननंतर गाठ वेळेत फॉर्मॅलिनमध्ये गेली नाही किंवा त्यात फार कमी वा फार जास्त काळ राहिली, तर हर-टूचा निकाल भरवशाचा राहत नाही. शिवाय '०' आणि '१+' यांतला फरकही आता महत्त्वाचा असल्याने आयएचसीचा रिपोर्ट फक्त 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' न पाहता आकड्यासह मागून घ्या. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक रुग्णालयातून घेतल्यास जपून ठेवा. आज '०' म्हणून बाजूला ठेवलेल्या नमुन्यावर उद्याचा उपचार ठरू शकतो, आणि तो पुन्हा तपासायला ब्लॉक लागतोच.